अनोळखी वास : आधी खबर, मग नोंद

(दिल्ली परिसरात नोकरीनिमित्त राहणारे मराठी रेल्वे व टपाल कर्मचारी संक्रांतीच्या दिवशी पानिपतच्या काला अंब येथे सहकुटुंब जमले होते. त्या वेळी विमानसेवेतून निवृत्त झालेल्या एका केबिन क्रू प्रशिक्षिकेने केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



सकाळपासून आपण सगळे काला अंबच्या या आवारात आहोत. स्तंभाला फुले वाहून झाली, मुलांना तिळगूळ वाटून झाला. १४ जानेवारी १७६१ रोजी या मैदानावर जे घडले ते मराठी माणसाला नव्याने सांगायला नको. 'पानिपत होणे' हा आपल्या भाषेत वाक्प्रचारच होऊन बसला आहे. अशा जागी विमानातल्या वासावर बोलायला या बाईंना का उभे केले, असा प्रश्न काही चेहऱ्यांवर मला स्पष्ट दिसतो आहे. प्रश्न रास्त आहे. तेव्हा आधी त्याचे उत्तर देते.

भाऊसाहेबांच्या छावणीची इथे कोंडी झाली, तेव्हा दख्खनशी होणारा पत्रव्यवहार तुटला. नानासाहेब पेशवे फौज घेऊन उत्तरेकडे निघाले होते, पण इथली खरी हालत त्यांना कळत नव्हती. शेवटी माळव्यात, वाटेवर असताना, एका सावकाराच्या जासुदाजवळचे सांकेतिक पत्र त्यांच्या हाती पडले. तोवर सगळे संपून गेले होते. टपाल खात्यातल्या मंडळींना यातले मर्म लगेच कळेल. ज्याला निर्णय घ्यायचा आहे त्याच्यापर्यंत खबर वेळेवर पोहोचली नाही, तर पुढे कितीही मोठी फौज असली तरी तिचा उपयोग होत नाही.

विमानात अनोळखी वास येतो तेव्हा प्रश्न नेमका हाच असतो. वास येतो मागच्या रांगेत आणि निर्णय घेणारा असतो पुढे, बंद दाराआड. मधल्या माणसाने खबर किती लवकर आणि किती नेमकी पोहोचवली, यावर सगळे अवलंबून असते. तो मधला माणूस म्हणजे कामगार. म्हणून हा विषय माझ्याइतकाच तुमचाही आहे.

वडिलांची लाख आणि गोणपाट

माझे वडील रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये सॉर्टर होते. रात्रभर धावत्या टपाल डब्यात उभे राहून पत्रांची विभागणी करायची आणि थैल्या बांधून लाखेने मोहोरबंद करायच्या, हे त्यांचे काम. सकाळी घरी आले की त्यांच्या सदऱ्याला वितळलेल्या लाखेचा वास असायचा. आम्हा मुलांना तो बाबांचाच वास वाटे.

एका रात्री डबा धावत असताना त्यांना लाखेच्या वासात दुसरा वास मिसळलेला जाणवला. जळके गोणपाट. त्यांनी हातातले काम थांबवले आणि सोबत्यांना हाक मारली. थैल्या बाजूला केल्या, तेव्हा एका थैलीच्या कडेला ठिणगी धुमसत होती. पेटती लाख सांडली होती, आणि ती त्यांच्याच हातून सांडली होती. हाताने दाबून, पाणी मारून त्यांनी ती विझवली. मग सेटच्या रोजच्या अहवालात स्वतःची चूक स्वतःच्या अक्षरात लिहिली. "विझली ना, मग कशाला लिहिता?" असे सोबती म्हणाले. त्यावर वडिलांचे उत्तर असे, "उद्या या डब्यात दुसरा सेट असेल. दिवा कुठे ठेवायचा नाही, हे त्यांना कोण सांगणार?"

ही गोष्ट मी लहानपणी ऐकली होती. तरीही मोठेपणी माझ्या हातून उलटे घडले. ते शेवटी सांगणार आहे, कारण ते सांगण्यासाठीच मी इथे उभी आहे.

टपाल आणि विमान यांचे नाते तर फार जुने. १८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबादहून नैनीला हेन्री पेके या वैमानिकाने टपालाची थैली विमानातून नेली. जगातले ते पहिले अधिकृत हवाई टपाल. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूच्या मैदानावर उतरले, तेव्हाही विमानात टपालच होते. आजही प्रवासी विमानाच्या पोटात टपालाच्या थैल्या जातात. आणि सुट्टीत गावी जाताना आपल्यापैकी बरेच जण आता विमानाने जातात.

वास येतो कुठून

पुष्कळ लोकांना वाटते की विमान म्हणजे बंद डबा आणि आत तीच ती हवा. तसे नाही. केबिनमधली हवा दर दोन-तीन मिनिटांनी बदलत असते. बहुतेक जेट विमानांत ही हवा इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून घेतात, थंड करतात आणि केबिनमध्ये सोडतात. तिच्यात साधारण निम्मी, आधीचीच पण हेपा फिल्टरमधून गाळलेली हवा मिसळतात. बोइंग ७८७ मध्ये मात्र बाहेरची हवा विजेवर चालणाऱ्या वेगळ्या कॉम्प्रेसरने घेतली जाते.

इथे दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, हेपा फिल्टर धूळ आणि जंतू अडवतो, तेलाची वाफ आणि वायू अडवत नाही. दुसरी, इंजिनातले एखादे सील झिजले आणि तेल हवेच्या वाटेत उतरले, तर त्याची वाफ थेट माणसांत येते. १२ ऑक्टोबर २०२२ रोजी गोव्याहून हैदराबादला गेलेल्या स्पाइसजेटच्या क्यू-४०० विमानाच्या केबिनमध्ये धूर झाला आणि हैदराबादला उतरताच प्रवाशांना तातडीने बाहेर काढावे लागले. हवाई वाहतूक महासंचालनालयाच्या तपासणीत आढळले की, इंजिनाचे तेल हवा सोडणाऱ्या झडपेतून वातानुकूलन यंत्रणेत शिरले होते.

अर्थात प्रत्येक वास तेलाचा नसतो. विमान उड्डाणासाठी रांगेत उभे असताना पुढच्या विमानाचा धूर आत ओढला जातो आणि रॉकेलसारखा वास येतो. तो बहुधा विमान हवेत गेल्यावर निघून जातो. गॅलीतल्या ओव्हनमध्ये जेवणाचा रस सांडला की करपट वास येतो. थंड देशात विमानावरचा बर्फ काढायला जे द्रव फवारतात, त्याचा गोडसर वास येतो. शौचालयाचा वास सांगायलाच नको.

मग उरतात ते वास, ज्यांना घाबरायचे नाही, पण क्षणभरही दुर्लक्ष करायचे नाही. इंजिनाच्या तापलेल्या तेलाचा वास बहुतेक जण 'ओल्या, मळक्या मोज्यांसारखा' असा सांगतात. हायड्रॉलिक द्रवाचा वास उग्र, घशाला झोंबणारा. विजेच्या तारेचे किंवा उपकरणाचे वेष्टण तापले की जळक्या प्लास्टिकचा, कधी चक्क मासळीचा वास येतो. मोबाईल किंवा पॉवर बँकेतली लिथियम बॅटरी बिघडू लागली, तर नखांचा रंग काढायच्या द्रवासारखा गोडसर वास येऊ शकतो.

आपल्या भाषेतले शब्द वापरा

मासळीच्या वासावर तुम्ही हसलात. माझ्या वर्गातल्या मुलीही हसायच्या. मुंबईच्या विमानात सुके बोंबील घेऊन जाणारा प्रवासी काही विरळा नाही. म्हणून आम्ही शिकवत असू की, बोंबलाचा वास आला तर आधी शेजारच्या प्रवाशांना मायेने विचारा. पिशवीत बोंबील निघाले तर गंमत झाली. बोंबील कुठेच नसतील आणि वास वाढत असेल, तर मात्र तो विजेचा समजा आणि लगेच वैमानिकाला कळवा.

वास सांगण्यात आपली मराठी मोठी श्रीमंत आहे. करपट, जळकट, खवट, कुबट, ओशट, आंबूस, धुरकट, उग्र. यातला प्रत्येक शब्द वेगळ्या वस्तूकडे बोट दाखवतो. पण साहेबाशी बोलताना आपण हे सगळे विसरतो आणि 'काहीतरी वास येतोय' एवढेच म्हणतो. 'काहीतरी' ही खबर नव्हे. खवट म्हटले तर तेल आठवते, करपट म्हटले तर ओव्हन. तंत्रज्ञाला शोध कुठून सुरू करायचा ते या एका शब्दावरून कळते. तुमच्याकडेही तेच. गाडी स्थानकात शिरताना बाजूला उभा राहून चाकांकडे पाहणारा कॅरेज-वॅगनचा जुना कर्मचारी ब्रेक ब्लॉकचा वास आणि तापलेल्या ॲक्सल बॉक्सचा वास वेगळा ओळखतो. ते ज्ञान त्याने पुस्तकातून घेतलेले नसते.

दोन चुका

अनोळखी वासाच्या बाबतीत माणसे दोन चुका करतात. एक म्हणजे खबर सौम्य करून सांगणे. दुसरी, खबरीविना पळत सुटणे. दोन्हींची किंमत माणसांनी प्राणांनी मोजली आहे.

पहिली चूक पाहा. २ जून १९८३. एअर कॅनडाचे ७९७ क्रमांकाचे डीसी-९ विमान डॅलसहून टोरांटोकडे चालले होते. शौचालयातल्या मोटरचे सर्किट ब्रेकर काही मिनिटांपूर्वी उडाले होते. शेवटच्या रांगेतल्या एका प्रवाशाने हवाई सेविकेला विचारले, हा कसला विचित्र वास? म्हणजे पहिली खबर दिली ती प्रवाशाने. सेविकेने शौचालयात धूर पाहिला आणि कळवलेही. पण पुढे कॅप्टनकडे जाणारे निरोप एकमेकांशी जुळेनात. धूर कमी होतो आहे, असाही निरोप गेला. विमान खाली उतरवायचा निर्णय त्यामुळे लांबला. विमान सिनसिनाटीला उतरले, दारे उघडली आणि दीड मिनिटाच्या आत आतमध्ये आगीचा भडका उडाला. विमानात ४६ माणसे होती. त्यातली २३ गेली. आग नेमकी कशाने लागली, हे तपासात शेवटपर्यंत निश्चित झाले नाही. पण आगीची तीव्रता कमी लेखली गेली आणि तिच्याबद्दल परस्परविरोधी माहिती मिळत राहिली, हे तपासात नोंदले गेले. त्यानंतर विमानांच्या शौचालयांत धूर ओळखणारी यंत्रे आली आणि जमिनीलगतचे मार्गदर्शक दिवे आले. बैल गेला अन् झोपा केला, असे हे झाले. पण निदान झोपा केला.

पुढे २ सप्टेंबर १९९८ रोजी न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघालेल्या स्विसएअर १११ च्या वैमानिकांना कॉकपिटमध्ये अनोळखी वास आला. आधी तो वातानुकूलनाचा वाटला. त्या पहिल्या वासापासून २१ मिनिटांत विमान कॅनडाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळले आणि २२९ माणसे गेली. छताआडच्या तारांतून लागलेली आग आतल्या वेष्टणावर पसरली होती. तपास मंडळाने स्पष्ट सांगितले की, आग इतकी वेगाने पसरली की वैमानिकांना पुढचे कळले असते तरी ते वेळेत उतरू शकले नसते. म्हणजे दोष त्यांचा नव्हता. पण त्या छताआडच्या जागेत धूर ओळखणारे एकही यंत्र नव्हते. माणसाचे नाक एवढेच यंत्र होते.

आता दुसरी चूक. ती आपल्या घरची आहे. २२ जानेवारी २०२५ रोजी लखनौहून मुंबईला येणारी पुष्पक एक्सप्रेस जळगाव जिल्ह्यात परधाडे स्थानकाजवळ होती. डब्यात आग लागल्याची हूल उठली. साखळी ओढली गेली, गाडी थांबली आणि माणसे शेजारच्या रुळावर उतरली. त्या रुळावरून कर्नाटक एक्सप्रेस आली. किमान १२ प्रवासी जागच्या जागी गेले. चाकाजवळ ठिणग्या किंवा धूर दिसला असावा, असे प्राथमिक माहितीत आले. आग नव्हतीच. ब्रेक जाम झाला की काय होते, ते इथल्या रेल्वेवाल्यांना मी काय सांगणार? पण डब्यातल्या प्रवाशाला ते कोणी सांगितले नव्हते. ज्याला खरी खबर मिळत नाही, तो अफवेवर चालतो.

या दोन चुकांच्या मधली वाट चालणाऱ्या कामगारांची बातमी मोठी होत नाही, कारण काही घडतच नाही. जुलै २०२२ मध्ये कालिकतहून दुबईला जाणाऱ्या एअर इंडिया एक्सप्रेसच्या विमानात पुढच्या गॅलीकडून जळका वास आला, विमान मस्कतला वळवले आणि सुखरूप उतरले. २७ जून २०२५ रोजी मुंबईहून चेन्नईला निघालेले एअर इंडियाचे ६३९ क्रमांकाचे विमान केबिनमध्ये जळका वास आल्याने मुंबईला परतले. प्रवाशांचा खोळंबा झाला, काही जण चिडलेही असतील. पण सगळे रात्री घरच्यांशी फोनवर बोलू शकले. आमच्या धंद्यात यश म्हणतात ते हेच.

प्रवासी म्हणून काय कराल

पुढच्या वेळी विमानात बसाल तेव्हा एवढे ध्यानात ठेवा.

एक. वास आला की लगेच बटन दाबा आणि क्रूला सांगा. शेजाऱ्याचे मत घेत बसू नका. नाकाला वासाची सवय होते आणि दहा मिनिटांनी तोच वास जाणवेनासा होतो. वास गेला आणि नाक थकले, यांतला फरक आपला आपल्याला कळत नाही.

दोन. चार गोष्टी सांगा. कशासारखा वास, कुठे, केव्हापासून, आणि वाढतो आहे की कमी होतो आहे. डोळे चुरचुरत असतील, डोके जड झाले असेल, तर तेही सांगा.

तीन. स्वतः शोधायला उठू नका. वरचे कप्पे उघडू नका. बंद जागेत आग धुमसत असेल तर दार उघडल्याने तिला हवा मिळते. क्रू आधी हाताच्या मागच्या बाजूने दार आणि भिंत तापली आहे का ते पाहतो, मगच उघडतो. ओव्हनमधून धूर आला तर त्याची वीज तोडतात आणि दार बंदच ठेवतात.

चार. फोन सीटच्या फटीत पडला तर सीट हलवू नका. यंत्रात सापडून बॅटरी चिरडली की ती पेटते. क्रूला बोलवा. पेटलेली बॅटरी नुसती विझवून भागत नाही, ती पुन्हा पेटू नये म्हणून तिच्यावर पाणी ओतून ती थंड करत राहावी लागते.

पाच. धूर झाला तर खाली वाका, ओला रुमाल नाका-तोंडावर धरा. छतातून पडणारा पिवळा मुखवटा धुरासाठी नसतो. त्यात केबिनमधलीच हवा मिसळते. तो उंचीवर हवेचा दाब गेला तर जीव वाचवण्यासाठी असतो. वैमानिकांचे मुखवटे वेगळे, त्यांना पूर्ण ऑक्सिजन मिळतो. म्हणूनच संशय येताच ते आधी मुखवटा चढवतात.

सहा. बाहेर पडायची आज्ञा झाली की सामान तिथेच सोडा. प्रवासी विमानाला मान्यता देताना, निम्मी दारे बंद धरून सगळी माणसे ९० सेकंदांत बाहेर पडू शकतात, हे सिद्ध करावे लागते. एकाने बॅग ओढायला दहा सेकंद घेतले, तर ते मागच्या माणसाचे दहा सेकंद असतात.

थैलीतला वास

टपाल खात्यातल्या मंडळींसाठी एक वेगळा शब्द. विमानात वास येतो तेव्हा तो कधी कधी आमच्या हद्दीतला नसतो, पोटातल्या मालाचा असतो. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून निघालेल्या यूपीएसच्या मालवाहू बोइंग ७४७ मध्ये मालाला आग लागली. धुराने कॉकपिट भरले आणि दोघेही वैमानिक गेले. त्या मालात लिथियम बॅटऱ्या होत्या. त्यातल्या काही खेपा धोकादायक माल म्हणून जाहीर करायला हव्या होत्या, त्या तशा केलेल्या नव्हत्या, असे तपासात निघाले.

म्हणजे त्या आगीकडे जाणारी वाट माल स्वीकारण्याच्या खिडकीपाशीच सुरू झाली होती. 'आत काय आहे?' हा प्रश्न विचारणारा काउंटरवरचा कर्मचारी विमानाचा पहिला रखवालदार आहे. मागे रांग लांब असते, गिऱ्हाईक वैतागते, हे मला माहीत आहे. पण पार्सल ओशट लागले, रॉकेलचा किंवा रसायनाचा दर्प आला, पाकीट फुगलेले दिसले, तर ते बाजूला ठेवून वरिष्ठांना लेखी कळवणे हे तुमचे कामच आहे. त्यात एखादे पार्सल उशिरा गेले तर जाऊ द्या. ते विमान ज्यांच्या भरवशावर उडते त्यांत तुम्हीही आहात.

जी नोंद मी केली नाही

आता माझी गोष्ट. कंपनीचे नाव घेत नाही, कारण चूक माझी आहे.

नव्वदच्या दशकाच्या अखेरची एक रात्र. मी त्या फेरीची केबिन इन्चार्ज होते. विमान उतरू लागले होते. मागच्या गॅलीतली मुलगी, नोकरीला लागून सहा महिनेही झाले नव्हते, पुढे माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मॅडम, मागे ओल्या मोज्यांसारखा वास येतोय. घसा झोंबतोय." मी ट्रॉल्या बंद करण्याच्या घाईत होते. मी म्हटले, "अगं, लोकांनी बूट काढले असतील. बस जाऊन." ती गेली. विमान उतरले, दारे उघडली आणि वास गेला. वैमानिकाला मी सांगितले नाही. लॉगबुकात लिहिले नाही. रात्र फार झाली होती आणि घरी लेक वाट पाहत होती.

दुसऱ्या दिवसापासून त्या मुलीचे डोके दुखू लागले, हात थरथरू लागले. आठवडे गेले. तिने वैद्यकीय रजेचा अर्ज केला, तेव्हा विचारणा झाली की, अशी घटना घडल्याची नोंद कुठे आहे? नोंद नव्हती. मला बोलावले. मी खरे ते सांगितले, की हो, तिने मला सांगितले होते. पुढचा प्रश्न आला, मग तेव्हाच का लिहिले नाही? याला माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही. काही महिन्यांनी ती नोकरी सोडून गेली.

तिचे दुखणे त्या वासामुळेच होते, असे मी म्हणणार नाही. मी डॉक्टर नाही. इंजिनाच्या तेलात ट्रायक्रेसिल फॉस्फेट नावाचे द्रव्य असते आणि त्याचे काही प्रकार मज्जासंस्थेला घातक असतात, हे ज्ञात आहे. पण केबिनमध्ये येणाऱ्या प्रमाणाने कायमचे आजार होतात की नाही, यावर तज्ज्ञांत आजही वाद आहे. खरी गोष्ट इतकीच की, त्या मुलीच्या बाबतीत हा वाद करायलाही जागा उरली नाही. ती जागा मी बंद केली. वास उडून जातो. तो जप्त करता येत नाही, त्याचा पंचनामा होत नाही. मागे राहते ती फक्त कुणीतरी लिहिलेली एक ओळ. तीच मी लिहिली नाही.

पुढे मला ऑस्ट्रेलियातल्या एका खटल्याची माहिती मिळाली. १९९२ साली सिडनीहून ब्रिस्बेनला गेलेल्या बीएई-१४६ विमानात धूर आल्यानंतर एका हवाई सेविकेला खोकला जडला. ती कोर्टात गेली. खटला चालत चालत तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आणि २०१० साली कंपनीची अपिलाची शेवटची मागणी फेटाळली गेली. नुकसानभरपाईचा निकाल कायम राहिला. अठरा वर्षे! घटनेचा दिवस, विमान, धूर, हे सगळे तिला दाखवता आले म्हणून ती उभी राहू शकली. ते वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्यानंतर मी प्रशिक्षण विभागात बदली मागून घेतली. निवृत्त होईपर्यंत प्रत्येक तुकडीला पहिल्या दिवशी मी हीच गोष्ट सांगत असे.

संघटनेने काय मागावे

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे आयकाओने, २०१५ साली ३४४ क्रमांकाचे परिपत्रक काढले. केबिनमधल्या अशा धुराच्या आणि वासाच्या घटनांबाबत प्रशिक्षण कसे द्यावे आणि अहवाल कसा लिहावा, याचे मार्गदर्शन त्यात आहे. कागद आहे. तो कामगाराच्या हातात आणणे हे संघटनेचे काम. माझ्या मते मागण्या साध्या आहेत आणि त्या विमानाला जितक्या लागू आहेत तितक्याच रेल्वेच्या डब्याला आणि टपालाच्या सॉर्टिंग हॉललाही आहेत.

वासाची, धुराची तक्रार लिहिण्यासाठी एक पानाचा छापील फॉर्म असावा, तो कामगाराला समजेल त्या भाषेत असावा आणि त्याची एक प्रत लिहिणाऱ्याकडे राहावी. खबर दिली आणि शेवटी काही निघाले नाही, म्हणून कुणालाही मेमो मिळू नये. दहा वेळा काही निघाले नाही म्हणून अकराव्या वेळी माणूस गप्प बसला, तर तो दोष त्याचा नव्हे, त्याला गप्प बसवणाऱ्याचा. ज्याला त्रास झाला त्याची तपासणी त्याच दिवशी व्हावी आणि त्या कागदावर वेळ लिहिलेली असावी. आणि नवीन माणसाचे म्हणणे जुन्याने ऐकून घ्यावे. ही शेवटची मागणी व्यवस्थापनाकडे नाही, ती आपल्याकडेच आहे. त्या रात्री त्या मुलीला गप्प बसवले ते साहेबाने नाही. मी बसवले, आणि मी तिच्याच युनियनची सभासद होते.

बंधू-भगिनींनो, इथून दिल्लीच्या दिशेने थोडे पुढे गेले की दिवाना स्थानक लागते. १८ फेब्रुवारी २००७ च्या रात्री तिथे समझोता एक्सप्रेसच्या डब्यांत काय झाले ते रेल्वेतल्या माणसांना आठवत असेल. तो घातपात होता, त्याची गोष्ट निराळी. पण बंद डबा, धूर आणि बाहेर पडायची वाट, या तीन गोष्टींचा विचार ज्याच्या नोकरीत येतो, त्या प्रत्येकाने तो आधीच करून ठेवायचा असतो.

वडील निवृत्त झाले त्या दिवशी मी त्यांना विचारले होते, "इतक्या वर्षांत सर्वांत मोठे काम कोणते केले?" मला वाटले, एखाद्या पुराची, एखाद्या संपाची आठवण सांगतील. ते म्हणाले, "थैली विझवली ते नव्हे. ती माझ्या हातून पेटली, हे लिहिले ते." तेव्हा मला ते कळले नव्हते. त्या मुलीने नोकरी सोडल्यावर कळले.

आज घरी गेल्यावर आपापल्या ठिकाणचे नोंदीचे रजिस्टर कुठे आहे, त्यात शेवटची नोंद कधी झाली आणि ती कुणी वाचली, एवढे आठवून पाहा. आणि उद्या ड्युटीवर कुणी नवा पोरगा येऊन म्हणाला, "काका, काहीतरी वास येतोय," तर त्याला बसायला सांगू नका. त्याच्याबरोबर उठून जा.

तिळगूळ घ्या, गोड बोला. पण वास आला तर स्पष्ट बोला.

कामगार एकजुटीचा विजय असो.